रेल्वेचा अपघात आणि बाजूस उभा असलेला मनुष्य
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आगगाडीच्या अपघातात सापडलेल्या उतारूंविषयी सारेच हळहळतात. परंतु केवळ बाजूस उभा असलेला मनुष्य जायबंदी झाला, तर त्याची भरपाई कोणी करावी? ह्या प्रश्नाकडे आज आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

१९२४ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन भागात एका स्थानकावर पाल्सग्राफ नावाच्या बाई आपल्या गाडीची वाट पाहत होत्या. सुटलेल्या दुसऱ्या गाडीत चढू पाहणाऱ्या एका उतारूस रेल्वेच्या नोकरांनी आधार दिला, त्या गडबडीत त्याच्याजवळील वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके रुळांवर पडले. आत शोभेची दारू होती! स्फोट झाला, दूरवरचा वजनकाटा कोसळला आणि बाईंना दुखापत झाली. ज्यूरीने त्यांना ६,००० डॉलर देवविले. परंतु १९२८ मध्ये त्या राज्याच्या सर्वांत वरिष्ठ न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी तो निर्णय फिरविला. ज्या व्यक्तीस धोका पोहोचेल अशी कल्पनाच करता येत नव्हती, तिच्याविषयी कर्तव्यभंग झाला असे म्हणता येत नाही, असे न्यायमूर्ती कार्डोझो ह्यांचे मत पडले. सावधगिरीचे कर्तव्य साऱ्या समाजाविषयी असते, असे न्यायमूर्ती अँड्र्यूज ह्यांनी भिन्नमतात प्रतिपादिले.

हा वाद परक्या देशाचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. आपल्या १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम १२४-अ अन्वये, गाडीतून पडणे वा दंगल ह्यांसारख्या दुर्घटनांत प्रवासाचे वा फलाटाचे तिकीट असणाऱ्यास रेल्वेचा दोष सिद्ध न करता भरपाई मिळू शकते; २०१७ पासून मृत्यूबद्दल ती रक्कम ८ लाख रुपये आहे. मात्र फाटकापाशी सापडलेल्या वाटसरूस हे कलम उपयोगी पडत नाही. त्याला रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. तथापि १९९७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, कायद्यातील तरतुदींखेरीजही फाटकाच्या ठिकाणी वाटसरूंविषयी काळजी घेण्याचे कर्तव्य रेल्वेवर आहे. वाटसरूचा खरा आधार तोच होय.

म्हणून आमची विनंती एवढीच की, अशा कुटुंबाच्या सांत्वनास जाताना ज्ञातीतील एकाने तरी पंचनाम्याची नक्कल मागवावी, साक्षीदारांची नावे टिपावी, तिकीट असल्यास ते जपून ठेवावयास सांगावे. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडील अशा अर्जाची मुदत अवघी एक वर्ष असते. शोकाच्या दिवसांत ती केव्हा सरते, हे घरच्यांच्या ध्यानीही येत नाही.