‘अवकाश’ आणि ‘जागा’ : दोन शब्द आणि त्यांचे मालक
(अभ्यासवर्गातील भाषण)



‘अवकाश’ म्हटले की आज प्रथम अंतराळ आठवते. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि हा अर्थ घरोघर पोचला. परंतु हा शब्द काळाचाही वाचक आहे : गाडी सुटण्यास अद्याप अवकाश असतो. हिंदीत तर अवकाश म्हणजे थेट रजा. हिंदी प्रांतांत काम करणाऱ्या मराठी कॉम्रेडांना पत्रकांचे भाषांतर करताना याचा अनुभव येतोच.

स्थळ आणि काळ एकाच शब्दात नांदतात, ही गोष्ट कोशकारांना अडचणीची वाटो; कामगाराच्या जीवनाला ती तंतोतंत लागू पडते. मार्क्सने १८६५ साली इंटरनॅशनलच्या जनरल कौन्सिलपुढील व्याख्यानात माणसाच्या वाढीला लागणारा वाव आणि त्याच्या हाती उरणारा वेळ यांची सांगड घातली होती. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे.

‘जागा’ हा शब्द अधिक घरगुती. नोकरी ती जागा, चाळीतली खोली तीही जागा. गिरणगावात गावाकडून आलेल्या तरुणाला ‘जागा मिळाली का?’ असे विचारले, तर त्याला दोन प्रश्नांचे उत्तर द्यावे लागे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांतील हजारोंची पहिली जागा कायमची गेली. उरली ती गिरण्यांखालची जमीन, सुमारे सहाशे एकर.

१९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा विकास करताना ढोबळमानाने एक तृतीयांश हिस्सा सार्वजनिक मैदाने-उद्यानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळावयाचा होता. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली : वाटणी फक्त ‘मोकळ्या जमिनी’ची. साराच लढा मग या एका विशेषणाभोवती फिरू लागला. गिरणीची इमारत पाडल्यावर खालची जमीन मोकळी होते की नाही? शाळकरी मुलगाही होते असेच म्हणेल. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने वाटणीला अनुकूल अर्थ लावला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. पाडलेल्या इमारतीखालची जमीन वाटणीतून वगळली गेली आणि मैदानांचा व घरांचा हिस्सा नावापुरता उरला. लोअर परळला ज्या आवारांत भोंगे वाजत, तेथे आज मॉल आणि काचेची कार्यालये उभी आहेत.