दूरध्वनीवरील रुग्णसोबत
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार ही तिन्ही दुखणी एकाच देहात नांदू लागली म्हणजे घरच्या मंडळींची कशी त्रेधा उडते, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. तीन डॉक्टर, तीन कागद, आणि प्रत्येक कागदावरील पथ्य निराळे! रक्तदाबासाठी मीठ कमी करावयास सांगितले, की कोणी हौसेने कमी सोडियमचे मीठ आणतो. त्यात पुष्कळदा पोटॅशियम असते, आणि दुबळ्या मूत्रपिंडास ते घातक ठरू शकते. गुडघ्यासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचीही तीच कथा. डॉक्टरांची भेट काही महिन्यांतून एकदा, तीही थोड्या मिनिटांची. मधल्या दिवसांत नियमाने दूरध्वनी करून विचारपूस करणारा शिक्षित मार्गदर्शक असावा, या योजनेविषयी आम्ही आज बोलणार आहोत.

योजना अगदी नवी नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे सहा रुग्णालयांतील ७९२ हृदयरुग्णांवर तिची परीक्षा होऊन निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. मार्गदर्शक सहा महिने दूरध्वनीवरून बोलत. ते स्वतः औषध देत नसत. रुग्णास त्याचे आकडे व गाठावयाचे लक्ष्य समजावून, त्याविषयी आपल्या डॉक्टरांस विचारावयास शिकवीत. अशा रुग्णांचे कोलेस्टेरॉल सरासरीने २१ मिलिग्रॅम उतरले, इतरांचे ७. आकडा लहान वाटेल. परंतु तो मुख्यतः संभाषणाच्या बळावर साधला, हे ध्यानी घ्यावे.

आमच्या मते या कामाचे खरे मोल बारीकसारीक प्रश्नांत आहे. इन्सुलिन घेणारी एखादी वृद्ध भगिनी एकादशीस निराहार राहते आणि सुई मात्र नेमाने टोचून घेते. दुपारी हातपाय कापतात, घाम फुटतो. घरचे म्हणतात, उपवासाचा शीण आहे. वास्तविक ती साखर एकाएकी उतरल्याची खूण, आणि तत्काळ साखर-पाणी देणे हा उपाय. दवाखान्यात उपवासाचा विषय निघतच नाही. दर आठवड्यास बोलणारा मात्र सहज विचारतो, "येत्या एकादशीस काय करणार?" आणि डॉक्टरांकडून त्या दिवसाची मात्रा आधीच ठरवून घ्यावयास लावतो.

औषधाचा विषय निघालाच आहे, तर एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. भारतात मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांनुसार दुरून औषध लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत वैद्यकासच आहे. मार्गदर्शक म्हणविणारा कोणी गोळी बंद करावयास सांगू लागला, तर त्यास स्पष्ट नकार द्यावा. छातीत दुखू लागले, श्वास कोंडला, तर दूरध्वनीवरील गप्पांत वेळ दवडू नये; थेट रुग्णालय गाठावे.

आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. आपल्या घरांत आईच्या प्रकृतीविषयी विचारले की उत्तर चिरंजीव देतात. ते पुण्यास वा परदेशी असतात. आईने काल गोळी घेतली की नाही, हे त्यांस कोठून कळणार? आणि सुनेसमोर, पाहुण्यांसमोर ती माउली तरी "बरे आहे" यापलीकडे काय बोलणार? तेव्हा दूरध्वनी तिच्याच हाती द्यावा. समोर सर्व औषधांची पाकिटे, अखेरचे तपासणी-अहवाल आणि चष्मा असावा. दार लोटून घ्यावे, आणि आपण थोडा वेळ बाहेर बसावे.