दातावर दात
(पेठ, ता. आंबेगाव इथल्या बैठकीतलं बोलणं)

मैत्रिणींनो, बसल्या जागी एक बघा. वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकलेत का? चावणं आणि गिळणं सोडलं, तर दिवसभर ते टेकायचं काही कारण नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला अलगद लागलेली, ही जबड्याची विश्रांती.

आपल्या सातगाव पठारावर बटाट्याची काढणी आली की दिवसभर वाकून वेचणी कोण करतं? आपणच. कंबर दुखते हे निदान बोलून तरी दाखवतो. जबड्याचं कुणी बोलत नाही. मान पुढे काढून काम केलं की गळ्याकडचे स्नायू खालच्या जबड्याला मागे ओढतात, त्याला सावरायला गालाचे स्नायू ताठ राहतात. त्यात भरलेली पाटी उचलायची ती दातावर दात दाबून. मग रात्री कानशील ठणकतं, सकाळी जांभई देताना कानापुढे कट्‌कन वाजतं. बाई म्हणते, दाढ किडली असेल.

वाकायचं ते गुडघ्यात. पाटी अंगाजवळ धरा आणि उचलताना फुंकर मारल्यासारखा श्वास सोडा, दात सहसा आपोआप सुटतात. पाणी प्यायला उठाल तेव्हा मान सरळ, खांदे मागे. रात्री गालाला गरम पाण्याचा फडका. अर्धी पाटी भरून दोन खेपा केल्या तर उत्तमच, पण उक्त्या कामात ते मालकाला चालत नाही. एकटी बाई म्हणाली तर दुसऱ्या दिवशी तिला बोलावणं येणार नाही. हे सगळ्या टोळीनं मिळूनच सांगायला हवं.

आणि घरात थप्पड बसल्यापासून जबडा दुखत असेल, दात नीट जुळत नसतील, तर त्याला फडका नाही. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. ‘उंबऱ्याला अडखळले’ असं सांगू नका (हा उंबरा फार बायकांना लागतो!). खरं काय ते सांगा, कागदावर लिहून घ्या. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याप्रमाणे दवाखान्यानं उपचार द्यायलाच हवेत.

आता हात धुऊन या आणि आपलीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जातात का बघा. सुपारी, गुटखा, मिश्रीवाल्यांनी तर नक्की. सुपारीनं गालाची आतली कातडी आवळत जाते, तोंड उघडेनासं होतं, पुढे कर्करोगाचीही भीती असते. ज्यांची बोटं जाणार नाहीत त्यांनी थोडं थांबा. मंचरला कधी जायचं ते ठरवू, एकत्रच जाऊ.