न दिसणारा धूर

पुण्यांतील कसबा, सदाशिव आदि पेठांतल्या जुन्या वाड्यांत स्नानाचें पाणी तांब्याच्या बंबांत तापत असे. मधल्या नळींत निखारे, भोंवतीं पाणी. धूर डोळ्यांत जाई, आणि तोच सावधगिरीची सूचना देई. आज अनेक घरांत त्याची जागा गॅसच्या गिझरनें घेतली आहे. सोय वाढली, पण ती सूचना नाहींशी झाली.

गॅस जळावयास भरपूर हवा लागते. बंद स्नानगृहांत प्राणवायु कमी पडला कीं ज्वलन अपुरें राहतें व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. त्याला ना रंग, ना गंध. रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक घट्ट जडतो. मनुष्य हांक मारण्यापूर्वींच बेशुद्ध होऊं शकतो.

म्हणून असा गिझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा. ज्योत निळीऐवजीं पिवळी दिसूं लागल्यास जाणत्या कारागिराकडून बर्नर साफ करवून घ्यावा. गारठ्याच्या भयानें झरोके बुजवूं नयेत. डोकें दुखूं लागलें वा चक्कर आली, तर तत्काळ गिझर बंद करून बाहेर यावें व डॉक्टरांस गांठावें. घरांतील लहानथोरांस हें आजच सांगून ठेवावें, एवढीच विनंती.