रंगाच्या आधी: चिनी मातीच्या बाहुलीची सफाई

मागच्या भागात आपण साच्यात पातळ चिनी माती ओतून बाहुलीचं डोकं कसं काढतात ते पाहिलं. त्यावर खूप जणांनी विचारलं, "ताई, आता रंगवायचं कधी?" जरा थांबा. मध्ये एक पायरी आहे आणि माझ्या बाहुल्या बिघडल्या त्या बहुतेक तिथेच. सफाई.

माझं पहिलं डोकं सांगते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत, थुरिंगियातल्या वाल्टर्सहाउझेनला केस्टनरसारखे कारखाने अशी डोकी बनवायचे. तसल्याच एका जुन्या बाहुलीवरून घेतलेला साचा होता. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे एक बारीक शिवण उठते. मी ती घासली, पण घाईत. बोटाला लागेना, म्हटलं झालं. भट्टीतून डोकं बाहेर आलं, गालावर रंग लावला आणि कानाजवळची ती शिवण ठळक उठून दिसली! बाहुलीचा रंग अगदी पातळ असतो. तो दोष झाकत नाही, उलट चढ-उताराशी साचून दाखवून देतो.

पण त्या दिवशीची खरी चूक वेगळीच होती. मी ते डोकं कोरडंच घासलं. जेवणाच्या टेबलावर, पंखा चालू, शेजारी लेक अभ्यास करत बसलेली. टेबलावर पांढरी पावडर पसरली, तर मी ती फडक्याने झटकली.

चिनी मातीत क्वार्ट्झ असतं, म्हणजे सिलिका. तिची बारीक धूळ फुफ्फुसात गेली की तिथेच राहते. खंबातला अकीक घासणाऱ्या कितीतरी कारागिरांना याच सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस झाला. त्यावर बरं करणारं औषध नाही. आपण महिन्याला एखाददुसरी बाहुली करतो, त्यांच्याइतका धोका नाही, हे खरं. पण टाळता येतं तर टाळायचंच ना!

म्हणून आता माझी पद्धत ओली. कच्चं डोकं पाण्यात टाकलं तर विरघळेल. त्यामुळे आधी ते साधारण ७०० अंशांवर हलकं भाजून घ्यायचं. मग ते पाण्यात भिजत ठेवता येतं. भिजलं की तळहातावर अलगद धरा, चिमटीत नको, खडूसारखं तुटतं. जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा घ्या आणि शिवणीवरून हळू फिरवा. पाणी सतत हवं. कानाच्या घड्या, नाकपुड्या, ओठांची फट, इथे मऊ ब्रश. जास्त घासलंत तर चेहऱ्याची रेखीवता जाते, मग बाहुली झोपाळू दिसते.

डोळ्यांची भोकं दोन्ही सारखी आहेत ना, बघा. आतली कड गोलाकार उतरती करा, म्हणजे काचेचा डोळा नीट बसतो. शेवटी खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारा. बोटाला न लागलेली शिवण सावलीत दिसते.

मग मोठी भट्टी, १२०० अंशांच्या वर. डोकं आक्रसतं आणि दगडासारखं टणक होतं. तरी हाताला खरखरीत लागतं. ते पाण्याखाली बारीक पॉलिश पेपरने अंड्याच्या कवचाइतकं गुळगुळीत करा, ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. एक कण राहिला तरी रंगाखाली पुटकुळी दिसते. आणि रंगवायला बसताना हाताला क्रीम नको, तेलकट डागावर रंग धरत नाही.

काम झालं की झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. घासताना साधा कापडी मास्क पुरत नाही, एन-९५ घाला. आणि जेवणाचं टेबल? ते आता फक्त जेवायला.

लक्षात ठेवा, रंग चुकला तर भाजण्याआधी पुसता येतो. शिवण राहिली की राहिली. पुढच्या भागात भुवया रंगवू. तोवर तुमच्या अडचणी जरूर कळवा. भेटू!