वादळ हाती नाही, तयारी हाती आहे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या मेळाव्यात समुद्राच्या वादळाची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आठवा. विदर्भ-मराठवाड्यात हाताशी आलेली ज्वारी, गहू, हरभरा आडवा झाला. घाला समुद्रातून आला काय अन् आभाळातून पडला काय, दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याच्या घरात प्रश्न तेच असतात. खायचे काय? जनावरांपुढे टाकायचे काय? पुढची पेरणी कशाने करायची? या प्रश्नांना ओडिशाच्या खेड्यांनी जे उत्तर शोधले, ते आज आम्ही तुमच्यापुढे मांडतो आहोत.

२९ ऑक्टोबर १९९९. पारादीपजवळ महाचक्रीवादळ किनाऱ्यावर चढले. वारा ताशी २६० किलोमीटरच्या घरात. समुद्र पंधरा-वीस फूट उंच होऊन गावांत शिरला. सरकारी हिशेबाने सुमारे १० हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक एकट्या जगतसिंगपूर जिल्ह्यातली. चार लाखांवर गुरे मेली. कापणीच्या तोंडावर आलेले भात गेले. तळी, विहिरी, शेते खारी झाली. माणूस वाचला, पण दावणीला बैल नाही आणि कणगीत बी नाही.

एवढी माणसे का मेली? वादळ येणार हे हवामान खात्याने आधी सांगितले होते. पण कुडाच्या घरात राहणाऱ्याने जायचे कुठे? त्या किनाऱ्यावर तेव्हा रेडक्रॉसने बांधलेले अवघे २३ पक्के निवारे होते. त्यांत पोहोचलेली हजारो माणसे वाचली. म्हणजे वाऱ्याने मारले हे अर्धेच खरे. जागा नव्हती, व्यवस्था नव्हती, म्हणून माणूस मेला.

तिथून पुढे काम सुरू झाले. आपत्तीच्या कामासाठी राज्याने १९९९ सालीच स्वतंत्र संस्था काढली. उंच खांबांवर निवारे बांधले. २०१९ पर्यंत ते आठशेच्या वर गेले. एरवी त्यांत शाळा भरते, सभा होते, म्हणून इमारत पडीक राहत नाही. देखभाल गावच्या समितीकडे. किल्ली कोणाकडे, भोंगा कोण वाजवणार, म्हातारीला कोण उचलणार, बाळंतिणीला कोण नेणार, हे आधीच ठरलेले. तरुण पोरापोरींना प्रथमोपचाराचे शिक्षण. वादळ नसतानाही रंगीत तालीम.

फळ काय मिळाले? १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलीन वादळ आले. सुमारे १० लाख माणसे आधीच हलवली. मृत्यू पन्नासच्या आत राहिले. ३ मे २०१९ ला फनी आले. १२ लाख माणसे हलवली, ६४ गेली. किनारा तोच, समुद्र तोच. बदलले ते गाव.

पण भावांनो, इथे थांबून टाळ्या वाजवू नका. फनीमध्ये जीव वाचले, तरी पुरी जिल्ह्यात नारळ उन्मळले, पानमळे भुईसपाट झाले. नारळ फळाला यायला वर्षे लागतात. जीव वाचवण्याची व्यवस्था झाली; शेती वाचवण्याची अजून व्हायची आहे. आणि आपले दुखणे नेमके तेच आहे.

खारी झालेली जमीन कशी सुधारते पाहा. बांध घालून पावसाचे गोडे पाणी कोंडायचे, मीठ विरघळले की बाहेर काढायचे, पुन्हा कोंडायचे. हे एकट्याचे काम नव्हे. माझे खारे पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेले तर दोघेही बुडालो. चर सगळ्यांचा मिळूनच खणावा लागतो.

बियाण्याचेही तसेच. मे २००९ मध्ये आयला वादळाने बंगालच्या सुंदरबनात बांध फोडले, शेतात खारे पाणी साचले. नव्या वाणांचे भात त्या मातीत टिकेना. मग जुन्या, खारे सोसणाऱ्या वाणांचा शोध सुरू झाला. ज्यांनी मूठभर राखले होते, त्यांच्या दारी सगळे गेले.

आता आपले बोलू. कापसाचे संकरित बी घरी राखता येत नाही, हे तुम्ही जाणता. पण मालदांडी ज्वारी, तूर, मूग यांचे येते. एकरी चार किलो धरले तर एक क्विंटल ज्वारी पंचवीस एकर पेरते. कडक वाळवा, दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवा. पंचाहत्तर उगवले तर बी चांगले. आणि सगळे बी एकाच गावात ठेवू नका. गारपीट पट्ट्याने येते. इकडे झोडपते, दोन कोसांवर कोरडे असते. दोन गावांनी एकमेकांचे बी सांभाळावे. कडब्याच्या गंजीचाही असाच करार करावा.

नुकसानभरपाई मागायची नाही, असे आम्ही म्हणत नाही. ती हक्काची आहे, ठणकावून मागू. पण पंचनामा होईतो आठवडे जातात आणि मृगाचा पाऊस कोणाच्या सहीसाठी थांबत नाही. मधले दिवस गावानेच काढायचे आहेत.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. बी कोणाकडे, किती? जनावरे किती, कडबा किती दिवसांचा? पक्की इमारत कोणती, किल्ली कोणाकडे? इशारा आला तर वस्तीवर सांगायला कोण जाणार? एकल बायांची आणि भूमिहीन मजुरांची घरे आधी लिहा; वादळात पहिले छप्पर त्यांचेच उडते.

कागद एका पानाचा असला तरी चालेल. तो गावाने मिळून लिहिलेला असावा, एवढेच आमचे मागणे आहे.