पॅरोलवर सही कोणाची? त्या खुर्चीसाठी माणूस शोधायचा झाला तर

आजचा विषय पॅरोल. कोणाला मिळाला, कोणाला नाही, याच्या बातम्या आपण ऐकतोच. आज बोलू या त्या माणसाबद्दल, जो हो किंवा नाही म्हणतो. उद्या महाराष्ट्रात पॅरोलचं स्वतंत्र मंडळ झालं, तर त्याच्या अध्यक्षपदी कोणाला बसवायचं?

आधी शब्द नीट करू. सरकारी मराठीत फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. फर्लोला खास कारण लागत नाही. ठराविक शिक्षा भोगली, वागणूक ठीक असली, की घराशी नातं टिकावं म्हणून ती दिली जाते. पॅरोलला कारण लागतं. आईवडील किंवा बायकोपोरांचं गंभीर आजारपण, बायकोचं बाळंतपण, घर पडणं, पूर, आग. आपल्याकडे हे सगळं 1959 च्या नियमांवरून आलेलं, त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फर्लोसुद्धा कैद्याचा निरपवाद हक्क नाही. म्हणजे कोणीतरी बसून ठरवायचंच आहे.

ठरवतं कोण? 2016 च्या दुरुस्तीनुसार नियमित पॅरोल विभागीय आयुक्तांकडे आणि फर्लो कारागृह उपमहानिरीक्षकांकडे. आता आपलं हिंगोली बघा. 1999 साली परभणीतून वेगळा झालेला पाच तालुक्यांचा जिल्हा. समजा, सेनगावच्या एका गावातला माणूस जन्मठेप भोगतोय आणि म्हातारी आई अंथरुणाला खिळलीय. अर्ज तुरुंगातून निघतो, चौकशी गावात होते, अहवाल पोलीस अधीक्षकांकडून जातो आणि निर्णय होतो दोनशे किलोमीटरच्या वर, छत्रपती संभाजीनगरला. तिथल्या आयुक्तांकडे आठ जिल्हे. महसूल त्यांचाच, दुष्काळ त्यांचाच, अतिवृष्टी त्यांचीच. त्या ढिगात ही एक फाईल. कैदी त्यांच्यासमोर येत नाही, आई येत नाही, आणि ज्यांच्या घरातला माणूस मारला गेला तेही येत नाहीत. येतो तो एक कागद. ‘सोडल्यास शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ या अर्थाचं वाक्य ज्यांनी कधी अशी फाईल पाहिलीय त्यांना पाठ असेल. नुसत्या अशा भीतीवर रजा नाकारता येत नाही, हे उच्च न्यायालयानं अनेकदा बजावलंय. पण न्यायालयात जायला वकील लागतो, तारीख लागते, आणि आजारी आई तारखेसाठी थांबत नाही.

मग अधिकारी निष्ठुर असतात का? नाही हो. त्यांची अडचण समजून घ्या. मुंबईत वडाळ्याला 2012 साली एका तरुण वकील मुलीचा खून झाला. इमारतीच्या पहारेकऱ्याला जन्मठेप झाली. 2016 च्या सुरुवातीला आईच्या आजारपणाचं कारण सांगून तो नाशिकच्या तुरुंगातून पॅरोलवर बाहेर आला आणि परतलाच नाही. 2017 मध्ये त्याला काश्मीरमधून पकडून आणलं. त्या मुलीच्या घरच्यांनी ते दीड वर्ष कसं काढलं असेल? 2016 च्या ऑगस्टमध्ये राज्याचे नियम कडक झाले.

आता सही करणाऱ्याच्या जागी बसून बघा. हो म्हटलं आणि माणूस पळाला, तर उद्या पेपरात नाव. नाही म्हटलं आणि कैद्याची आई मुलाचं तोंड न बघता गेली, तर कोणी विचारणारसुद्धा नाही. हा तराजू मुळातच एका बाजूला झुकलेला आहे. अशा खुर्चीत साधा, सज्जन माणूससुद्धा हळूहळू ‘नाही’ कडे सरकतो. म्हणून मी म्हणतो, माणूस निवडण्याआधी खुर्ची नीट करा.

इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथं 1960 च्या दशकापासून पॅरोल बोर्ड आहे. 2018 मध्ये बोर्डाच्या एका समितीनं बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या लंडनच्या टॅक्सीचालकाला सोडायचं ठरवल्याचं जाहीर झालं. पीडित महिला न्यायालयात गेल्या आणि निर्णय रद्द झाला. समितीनं सगळी माहिती खोलात जाऊन तपासली नव्हती. अध्यक्ष निक हार्डविक त्या समितीत नव्हते, तरी न्यायमंत्र्यांनी त्यांना जायला सांगितलं आणि त्यांनी राजीनामा दिला. पण गोष्ट तिथं संपली नाही. त्याच वर्षी तिथल्या उच्च न्यायालयानं म्हटलं की मंडळाच्या सदस्यांना इतक्या सहज काढता येत असेल, तर ते मंडळ स्वतंत्र म्हणवत नाही.

यातून दोन गोष्टी दिसतात. पीडितांना दार उघडं हवं, कारण चूक त्यांनीच दाखवून दिली. आणि अध्यक्षाला ठरलेली मुदत हवी. एका निर्णयावरून गच्छंती होणार असेल, तर पुढचा अध्यक्ष पहिल्या दिवसापासून स्वतःची खुर्चीच सांभाळेल.

मग जाहिरातीत काय लिहायचं? आपली सवय काय, तर निवृत्त न्यायाधीश नाहीतर निवृत्त सनदी अधिकारी. त्यांत चांगली माणसं असतातच. पण माहिती आयुक्तांच्या नेमणुकांबाबत सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलंय की फक्त नोकरशाहीतूनच माणसं उचलू नका, कायद्यानं इतर क्षेत्रंही सांगितलीत. तोच धडा इथं घ्यावा. कारागृहात काम केलेला समाजकार्यकर्ता, मानसोपचारतज्ज्ञ, सत्र न्यायालयात दोन्ही बाजूंनी उभा राहिलेला वकील, यांचेही अर्ज यावेत. निवड समितीत विरोधी पक्षनेताही असावा, माहिती आयुक्तांच्या निवडीत असतो तसा.

आणि मुलाखतीत एकच प्रश्न विचारला तरी चालेल. 2020 च्या करोनात नियम केला होता की सात वर्षांवर शिक्षा असलेला कैदी मागच्या दोन सुट्यांत वेळेवर परतला असेल, तर आपत्कालीन पॅरोलसाठी त्याचा विचार करावा. चांगला नियम. पण जो कधी रजेवर गेलाच नाही, त्याचं काय? प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि तेवढ्यावरून त्याला नाकारता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. उमेदवाराला विचारा, अशी फाईल तुमच्यासमोर आली तर काय कराल? ‘नियमात बसत नाही’ म्हणून जो थांबला, तो नको. ‘बिचारा आहे, सोडा’ म्हणाला, तोही नको. जो म्हणेल, ‘गावातून नीट माहिती मागवतो, पीडितांच्या घरी काय वातावरण आहे ते विचारतो, आणि जे ठरवीन त्याची कारणं दोघांनाही समजतील अशा मराठीत लिहून देतो’, तो माणूस घ्या.

कारण आपल्याकडे दोन्ही घरं बहुतेक वेळा एकाच गावात असतात. एकाच आठवडी बाजाराला जातात, एकाच एसटीत बसतात. पंधरा दिवसांसाठी आलेल्या माणसाला त्याच रस्त्यानं चालायचंय, आणि ज्यांचा माणूस गेला त्यांनाही. दूरच्या शहरात केलेल्या सहीचा परिणाम या रस्त्यावर होतो. हे ज्याला कळतं, त्यानं त्या खुर्चीसाठी अर्ज करावा.

तुमच्या गावात असा अनुभव असेल, कुठल्याही बाजूचा, तर नावं न सांगता जरूर कळवा. पुढच्या भागात जामीनदार होणाऱ्या नातेवाइकांवर काय जबाबदारी येते, त्यावर बोलू. येतो मंडळी, रामराम.